प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे वार्षिक वेळापत्रक: कोणती तारीख कशावर अवलंबून असते?

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची नोंदणी आज काही दिवसांत, घरबसल्या होते. त्यानंतर दर वर्षी ठरावीक मुदतींत कागदपत्रे भरत राहण्याची जबाबदारी मात्र कंपनी रीतसर बंद होईपर्यंत संपत नाही. वर्षभरात एक रुपयाचाही व्यवसाय झाला नसला तरी ती टळत नाही. अनेक छोट्या कंपन्यांचे संचालक इथेच फसतात. 'उलाढालच नाही तर काय भरायचे?' असे समजून ते दोन-तीन वर्षे काहीच भरत नाहीत आणि नंतर विलंब शुल्काची रक्कम पाहून हादरतात.

या मुदतींच्या याद्या इंटरनेटवर भरपूर आहेत. त्यातल्या बहुतेक याद्या सगळ्या तारखा एका रांगेत मांडतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. काही तारखा कायद्याने पक्क्या ठरलेल्या असतात, काही कंपनीने स्वतः निवडलेल्या सभेच्या दिवसावरून मोजल्या जातात आणि काही एखादी घटना घडल्यावरच सुरू होतात. कोणती तारीख कोणत्या गटातली, हे कळले की यादी पाठ करावी लागत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा आणि तिच्यामागच्या तारखा

कंपनी कायदा, २०१३ नुसार कंपनीचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. एकाच सदस्याच्या कंपनीला, म्हणजे वन पर्सन कंपनीला, ही सभा लागू नाही. सभेत लेखापरीक्षित ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक भागधारकांपुढे ठेवले जाते. ही आर्थिक पत्रके एओसी-४ या फॉर्मसोबत सभेनंतर ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे जातात. वार्षिक विवरणपत्र ६० दिवसांत जाते. त्यासाठी छोट्या कंपन्यांना एमजीटी-७ए आणि इतरांना एमजीटी-७ हा फॉर्म आहे. सभेत लेखापरीक्षकाची नेमणूक झाली असेल तर एडीटी-१ फॉर्म १५ दिवसांत भरायचा असतो. ही नेमणूक साधारणपणे पाच वर्षांसाठी असल्याने हा फॉर्म दर वर्षी येत नाही आणि म्हणूनच तो विसरला जातो.

'एओसी-४ ची शेवटची तारीख ३० ऑक्टोबर' असे सर्रास सांगितले जाते. सभा ३० सप्टेंबरला झाली असेल तरच ते खरे आहे. सभा १० ऑगस्टला झाली असेल तर एडीटी-१ ची मुदत २५ ऑगस्टला, एओसी-४ ची ९ सप्टेंबरला आणि एमजीटी-७ ची ९ ऑक्टोबरला संपते. सभा लवकर उरकलेली शिस्तीची कंपनी छापील यादीवर विसंबून ऑक्टोबरपर्यंत थांबली, तर तिलाच विलंब शुल्क भरावे लागते.

मोजणी उलट्या दिशेनेही करावी लागते. सभेची नोटीस पूर्ण २१ दिवस आधी द्यायची असते आणि त्यात नोटीस पाठवल्याचा व सभेचा असे दोन्ही दिवस धरत नाहीत. सभा ३० सप्टेंबरला असेल तर ईमेलने नोटीस ८ सप्टेंबरपर्यंत गेली पाहिजे. टपालाने पाठवायची असेल तर आणखी दोन दिवस आधी. नोटिशीसोबत आर्थिक पत्रके जातात, म्हणजे त्याआधी संचालक मंडळाच्या बैठकीत ती मंजूर झालेली हवीत आणि त्यावर लेखापरीक्षकाची सही झालेली हवी. थोडक्यात, कागदावर ३० सप्टेंबर दिसत असला तरी हिशेब तपासून घेण्याची खरी मुदत ऑगस्ट अखेरची असते. पुरेशा भागधारकांची संमती असेल तर कमी दिवसांची नोटीस चालते. चार भावंडांच्या कंपनीत ते सोपे असते, बाहेरचा गुंतवणूकदार असलेल्या कंपनीत तितके सोपे नसते.

सभा झालीच नाही तर? तरीही सुटका नाही. सभा ज्या दिवसापर्यंत व्हायला हवी होती, त्या दिवसापासून मुदती मोजल्या जातात आणि सभा का झाली नाही याचे कारण द्यावे लागते. निबंधक सभेसाठी तीन महिन्यांपर्यंत वाढ देऊ शकतो. मात्र अर्ज मुदत संपण्याआधी करावा लागतो आणि पहिल्या सभेसाठी ही सवलत नाही.

दिवसाला शंभर रुपये

एओसी-४ आणि एमजीटी-७ या दोन्ही फॉर्मना उशीर झाल्यास दर फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये अतिरिक्त शुल्क लागते. जुलै २०१८ पासून लागू असलेल्या या शुल्काला कमाल मर्यादा नाही. दोन्ही फॉर्म एक वर्ष रखडले तर रक्कम ७३,००० रुपये होते. कंपनीच्या खात्यात हजार रुपये असोत वा नसोत, आकडा तोच. याशिवाय निबंधक कंपनीवर आणि जबाबदार संचालकांवर वेगळा दंड लावू शकतो.

पैशांपेक्षा मोठा परिणाम पुढे आहे. सलग तीन आर्थिक वर्षे आर्थिक पत्रके किंवा वार्षिक विवरणपत्र भरले नाही, तर त्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. ही अपात्रता त्या एका कंपनीपुरती नसते. दुसऱ्या चालू, नफ्यातल्या कंपनीतले संचालकपदही अडचणीत येते. २०१७ मध्ये केंद्र सरकारने दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली आणि तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरवले. नातेवाइकाच्या आग्रहाखातर नावापुरते संचालक झालेल्या अनेकांना आपण संचालक आहोत याची आठवण तेव्हा झाली. त्यानंतर २०१८ ची विलंबमाफी योजना आणि २०२० ची 'फ्रेश स्टार्ट' योजना आली. अशी योजना पुन्हा येईल या आशेवर फॉर्म रोखून धरणे हा जुगार आहे.

प्राप्तिकराच्या तारखा

प्राप्तिकराच्या तारखांचा कंपनीच्या सभेशी संबंध नसतो. आगाऊ कर चार हप्त्यांत भरायचा असतो: १५ जूनपर्यंत अंदाजित कराच्या १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १०० टक्के. कर लेखापरीक्षण लागू असेल तर त्याचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचा असतो. कंपनीचे विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत जाते आणि परदेशी संलग्न कंपनीशी व्यवहार असतील तर ३० नोव्हेंबरपर्यंत.

विवरणपत्राला उशीर झाला तर विलंब शुल्क फार नाही. उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये, अन्यथा ५,००० रुपये. या छोट्या आकड्यामुळेच गैरसमज होतो. खरे नुकसान शुल्काच्या रकाण्यात दिसत नाही. मुदतीत भरलेल्या विवरणपत्रात दाखवलेला व्यवसायातला तोटाच पुढच्या आठ वर्षांच्या नफ्यातून वजा करता येतो. मुदत चुकली की तो हक्क जातो. समजा, एखाद्या नव्या कंपनीला पहिल्या वर्षी २० लाखांचा तोटा झाला आणि विवरणपत्र ३१ ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबरमध्ये भरले. शुल्क लागेल १,००० रुपये. पण कंपनी २२ टक्क्यांच्या सवलतीच्या दरात, म्हणजे अधिभार व उपकर धरून सुमारे २५.१७ टक्के दरात असेल, तर नफा आल्यावर वाचला असता असा सुमारे पाच लाखांचा कर तिला भरावा लागेल. न वापरलेला घसारा मात्र उशीर झाला तरी पुढे नेता येतो.

हा २२ टक्क्यांचा दरही आपोआप मिळत नाही. १९६१ च्या कायद्याखाली तो निवडण्यासाठी विवरणपत्राच्या मुदतीतच फॉर्म १०-आयसी भरावा लागतो. तो एकदाच भरायचा असल्याने पहिल्या वर्षी राहून गेल्याचे अनेकांना कर आकारणीची सूचना आल्यावरच कळते.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला असून कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्याच्या तरतुदींनुसार भरायचे आहे.

दर महिन्याची कामे

कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. उशिरा भरल्यास महिन्याला दीड टक्का व्याज लागते आणि अपुरा महिनाही पूर्ण धरला जातो. २० जूनला कापलेला एक लाखाचा टीडीएस ७ जुलैऐवजी ८ जुलैला भरला, तर खात्याची संगणक प्रणाली जून आणि जुलै असे दोन महिने मोजते. एका दिवसाच्या उशिराचे ३,००० रुपये. टीडीएसची तिमाही विवरणपत्रे ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या तारखांना येतात.

दरमहा जीएसटी विवरण भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ साठी ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी साठी २० तारीख असते. तिमाही पर्याय घेतलेल्या महाराष्ट्र आणि गोव्यातल्या करदात्यांसाठी या तारखा तिमाहीनंतर १३ आणि २२ होतात. वार्षिक विवरण, म्हणजे जीएसटीआर-९, दोन कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना ३१ डिसेंबरपर्यंत द्यावे लागते. त्याआधीची ३० नोव्हेंबर ही तारीख सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. मागच्या आर्थिक वर्षातल्या खरेदीवरचे राहून गेलेले इनपुट टॅक्स क्रेडिट घेण्याची मुदत तेव्हा संपते. वार्षिक विवरण आधीच भरले असेल तर त्याहून लवकर.

भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयची रक्कम १५ तारखेपर्यंत भरायची असते. महाराष्ट्रात कामगार कल्याण निधीची वर्गणी १५ जुलै आणि १५ जानेवारीला येते. व्यवसाय कराचे महाराष्ट्रात दोन भाग आहेत. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापायचा कर बहुतेक कंपन्या नीट भरतात. पण कंपनीने स्वतःचे आणि प्रत्येक संचालकाने स्वतःचे वर्षाला २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे असतात, हे राहून जाते.

कमी परिचित फॉर्म

३० जूनलाच डीपीटी-३ ची मुदत असते. 'कंपनी ठेवी घेत नाही, मग हा फॉर्म कशाला?' असा प्रश्न नेहमी येतो. पण ३१ मार्चला कंपनीवर संचालकाकडून किंवा बँकेतून घेतलेले कर्ज बाकी असेल तर तेही या फॉर्ममध्ये दाखवावे लागते. छोट्या कंपन्या बहुधा संचालकाच्या पैशावरच चालतात, त्यामुळे बहुतेकींना हा फॉर्म लागू होतो.

सूक्ष्म किंवा लघु उद्योगांची बिले ४५ दिवसांहून अधिक थकली असतील तर एमएसएमई-१ फॉर्म सहा-सहा महिन्यांनी, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशा थकबाकीचा खर्च, ती प्रत्यक्ष फेडेपर्यंत, प्राप्तिकरातून वजाही मिळत नाही. लेखी करार नसेल तर ही मर्यादा ४५ नव्हे, १५ दिवसांची असते.

संचालकांच्या केवायसीचे उदाहरण वेगळ्या कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०१८ मध्ये सुरू झालेली ही केवायसी अनेक वर्षे दर सप्टेंबरला करावी लागत असे आणि चुकल्यास ५,००० रुपये लागत. २०२५ च्या अखेरच्या नियमबदलाने ती तीन वर्षांतून एकदा झाली. भिंतीवरची मागच्या वर्षीची यादी तशीच वापरू नये, ती यासाठी.

पहिल्या वर्षाचा पेच

नव्या कंपनीने ३० दिवसांत संचालक मंडळाची पहिली बैठक घ्यायची असते, त्याच मुदतीत पहिला लेखापरीक्षक नेमायचा असतो आणि भागभांडवल जमा झाल्याची घोषणा आयएनसी-२०ए फॉर्ममध्ये १८० दिवसांत करायची असते. १ जानेवारी किंवा त्यानंतर नोंदलेली कंपनी पहिले आर्थिक वर्ष पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत लांबवू शकते आणि पहिली सभा त्यानंतर नऊ महिन्यांत घेऊ शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये नोंदलेल्या कंपनीला यामुळे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वेळ मिळतो. प्राप्तिकर खाते मात्र ही सवलत मानत नाही. त्याच कंपनीला ३१ मार्च २०२५ ला संपलेल्या दीड-दोन महिन्यांचे विवरणपत्रही स्वतंत्रपणे भरावे लागते.

मुदतवाढ मिळते, पण कोणाला?

२०२५ मध्ये कर लेखापरीक्षण अहवालाची मुदत ३० सप्टेंबरवरून आधी ३१ ऑक्टोबर आणि मग १० नोव्हेंबरवर गेली. लेखापरीक्षण लागू असलेल्यांचे विवरणपत्र १० डिसेंबरपर्यंत स्वीकारले गेले. कॉर्पोरेट कामकाज मंत्रालयानेही एओसी-४ आणि एमजीटी-७ चे अतिरिक्त शुल्क काही काळ माफ केले. पण सभेची ३० सप्टेंबर ही तारीख जागीच राहिली. एका खात्याची मुदतवाढ दुसऱ्या खात्याला लागू होत नाही आणि फॉर्मची मुदतवाढ सभेला लागू होत नाही.

नोंद कोणी ठेवायची?

बहुतेक छोट्या कंपन्यांत सगळे सीएंवर सोपवलेले असते. काम त्यांनी केले तरी कायद्यापुढे जबाबदार संचालकच असतो. म्हणून कंपनीकडे स्वतःची एक साधी नोंदवही किंवा एक्सेल शीट असावी. तीत फॉर्म, मुदत कशावरून मोजली, भरल्याची तारीख आणि पोचपावतीचा क्रमांक, एवढे पुरते. 'भरले आहे' या फोनवरच्या उत्तराऐवजी पोचपावतीच मागावी. मंत्रालयाच्या पोर्टलवर कोणतीही व्यक्ती कंपनीची मूलभूत माहिती पाहू शकते. शेवटची सभा कधी झाली आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा भरला, हे तिथे दिसते.

दोन गोष्टी ऐन वेळी हमखास नडतात. एक, संचालकाच्या डिजिटल सहीची मुदत. ती संपल्याचे बहुधा शेवटच्या दिवशी फॉर्म अपलोड करतानाच कळते. दुसरी, पोर्टलवर नोंदवलेला ईमेल. तो नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा किंवा जुन्या सल्लागाराचा असेल तर नोटिसा तिकडे जात राहतात.

व्यवसाय थांबला असेल तर कंपनी नुसती सोडून देणे हा सर्वांत महाग पर्याय ठरतो. पुढे ती चालू करायची असेल तर निष्क्रिय कंपनीचा दर्जा मागता येतो. तसा विचार नसेल तर एसटीके-२ फॉर्म आणि १०,००० रुपये शुल्क भरून नोंदवहीतून नाव काढण्याचा अर्ज करता येतो. त्याआधी व्यवसाय थांबला त्या आर्थिक वर्षापर्यंतची थकलेली विवरणपत्रे मात्र विलंब शुल्कासह भरावी लागतात.