बंदुकीची काठी



मागच्या थंडीत आम्ही रियाधबाहेर वाळवंटात मुक्कामाला होतो. सोबत ऑफिसमधला एक सौदी मित्र आणि त्याचे वडील. माझ्या कॅमेऱ्याची जड लेन्स सारखी हलत होती. आजोबांनी खजुराच्या झावळीचे दोन दांडे घेतले, वरून वीतभर खाली सुतळीने सैलसर बांधले आणि पाय फाकवले. वर बेचकं तयार! "यावर आम्ही बंदूक टेकायचो," ते म्हणाले. "गोळ्या मोजक्या असायच्या."

युक्ती जुनीच आहे. युरोपातली सुरुवातीची मस्केट सात-आठ किलोंची असे, म्हणून शिपाई सोबत बेचक्याची काठी बाळगत. याकोब द गेनच्या १६०७ सालच्या कवायतीच्या चित्रांत ती दिसते. पुढे बंदुका हलक्या झाल्या आणि काठी गेली. तिबेटी शिकारी तर चिरू हरणाची शिंगं बसवलेलं दुपायी टेकण बंदुकीलाच जोडत. आणि आपल्या पानिपताच्या आठवणीत सल आहे तो अब्दालीच्या सुतरनाळांचा. तिथे टेकण म्हणजे अख्खा उंट! खोगिरावरच्या खुंटीत फिरणारी छोटी तोफ, हवी तिथे नेऊन बसवायची.

काठीवरून शिकार करायची तर रांगत जवळ जावं लागतं, थांबावं लागतं, श्वास रोखावा लागतो. बहुतेक वेळा जनावर निसटतं. अरबस्तानात तेलाचा पैसा आला, गाड्या आल्या, आणि ही अट संपली. धावत्या गाडीतून पाठलाग सुरू झाला. ज्याला अरबीत 'महा' म्हणतात तो पांढरा ओरिक्स १९७२ साली ओमानमध्ये रानातून संपला. प्राणिसंग्रहालयांत वाढवलेल्या कळपांमुळेच तो वाचला. सौदीत १९९० साली महाजत अस्-सैदच्या कुंपणात आणि १९९५ साली उरूक बनी मआरिदच्या वाळूत त्याला पुन्हा सोडलं.

मी आजोबांना विचारलं, "तुम्हीही गाडीतून मारलीत?" ते बराच वेळ शेकोटीकडे बघत राहिले. "हरणं मारली. किती, ते मोजलं नाही. काठीच्या दिवसांतली मात्र सगळी आठवतात."

मुलांकडून करून घ्यायची असेल तर दांडे सरळ, वाळलेले घ्या. सुतळीपेक्षा सायकलच्या ट्यूबची पट्टी बरी, ती घसरत नाही. मांडी घालून बसल्यावर बेचकं डोळ्याच्या जरा खाली यायला हवं. आमच्या लेकीने पहिलं केलं ते फारच उंच झालं. सध्या त्यावर बाल्कनीत टॉवेल वाळतात.