मिंगो : नाव राहिले, माणसे गेली

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ झाले. परदेशातील संपांचा इतिहास वाचताना मिंगो हे नाव आम्हांस प्रथम भेटले. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याची ही एक डोंगराळ, ग्रामीण काउंटी. काउंटी म्हणजे आपल्याकडील लहानसा जिल्हाच म्हणा.

या मुलखात १८२४ साली लोगन काउंटी स्थापन झाली. लोगन हा मिंगो लोकांचा पुढारी. गोऱ्यांशी त्याचे सख्य होते. तरी १७७४ साली यलो क्रीकच्या काठी गोऱ्यांनी त्याचे आप्त ठार मारले. त्याच्या नावावरचे शोकभाषण जेफर्सनने आपल्या ग्रंथात छापले आणि पुढे शाळकरी मुले ते पाठ म्हणू लागली. १८९५ साली लोगनचा तुकडा तोडून नवी काउंटी झाली, राज्यातील पंचावन्नावी व शेवटची. तिला नाव दिले मिंगो. पण तोवर ओहायोतील मिंगोंच्या वंशजांना १८३१च्या तहांनी मिसिसिपीपलीकडे धाडून साठ वर्षे उलटली होती. शिवाय ‘मिंगो’ हा शब्दही त्यांचा स्वतःचा नव्हे. तो शेजारच्या लेनापे लोकांच्या भाषेतून आलेला, निंदेची छटा असलेला.

मग रेल्वे आली, कोळसा निघाला. खाण कंपनीची, घर कंपनीचे, दुकानही कंपनीचे! १९ मे १९२० रोजी मेटवान गावी, युनियनमध्ये गेलेल्या खाणकामगारांचे संसार कंपनीच्या भाडोत्री हस्तकांनी रस्त्यावर फेकले. त्या सायंकाळी गोळीबार झाला. सात हस्तक, दोन कामगार आणि गावचा नगराध्यक्ष असे दहा जण पडले. बिऱ्हाडे तंबूंत गेली, संप चालूच राहिला. ऑगस्ट १९२१ मध्ये सुमारे दहा हजार खाणकामगार मिंगोकडे निघाले. लोगनच्या हद्दीत, ब्लेअर डोंगरावर त्यांची वाट अडवली गेली. शेवटी सरकारी फौज आली आणि कामगार घरोघर परतले. तेथे युनियन पुन्हा उभी राहण्यास १९३३ साल उजाडावे लागले.

ज्यांना हुसकावले त्यांचे नाव मुलखाला द्यायचे आणि त्याच नावाखाली दुसऱ्यांना हुसकावायचे, असा हा इतिहास आहे. आमच्या मुंबईतही गिरण्या गेल्या, त्यांची नावे तेवढी राहिली. म्हणून आमचे सांगणे एवढेच : पाटीवरचे नाव वाचून अभिमान बाळगण्यापूर्वी, त्या नावाची माणसे आज कुठे राहतात हे विचारावे.