आलिशान मोटारींची प्रतिमा आणि हेडलाइट तंत्रज्ञान

आलिशान मोटारींच्या ब्रँडची प्रतिमा घडविण्यात हेडलाइटचा, म्हणजे वाहनाच्या पुढील दिव्यांचा, मोठा वाटा आहे. रस्ता उजळणे हे या दिव्यांचे मूळ कार्य असले, तरी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांचा आकार आणि प्रकाशाची ठेवण ही ब्रँडची ओळख बनली. झेनॉन, एलईडी, मॅट्रिक्स एलईडी व लेसर ही तंत्रे प्रथम महागड्या मोटारींत आली आणि त्यांपैकी काही पुढे सामान्य वाहनांपर्यंत पोहोचली. महाराष्ट्रात या विषयाचा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याशी दुहेरी संबंध आहे. शेंद्रा येथे आलिशान मोटारींची जोडणी झाली, तर वाळूज येथे मुख्यालय असलेल्या कंपनीने जगभरातील मोटारींसाठी दिवे पुरविले.

तंत्रज्ञानाचा विकास

आरंभीच्या मोटारींवर तेलाचे व अॅसिटिलीन वायूचे दिवे असत. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विद्युत प्रज्वलन आणि विजेचे दिवे यांची एकत्रित यंत्रणा आणली. युरोपात १९६२ मध्ये वाहनांसाठी हॅलोजन दिवा वापरात आला. १९६७ च्या सित्रोएन डीएस या मोटारीत सुकाणूबरोबर वळणारे दिवे होते.

१९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीज मोटारीत झेनॉन दिवा आला. यात तापलेल्या तारेऐवजी वायूतील विद्युत विसर्गातून प्रकाश मिळतो. ५५ वॅटचा हॅलोजन दिवा साधारण १,५०० ल्युमेन प्रकाश देतो, तर ३५ वॅटचा झेनॉन दिवा सुमारे ३,२०० ल्युमेन. कमी विजेत दुपटीहून अधिक उजेड आणि किंचित निळसर पांढरा रंग, या दोन्ही गोष्टींमुळे रात्री दूरवरूनही महागडी मोटार ओळखू येऊ लागली.

त्यानंतरचा टप्पा एलईडीचा. निळा प्रकाश देणाऱ्या डायोडवर पिवळ्या स्फुरदीप्त पदार्थाचा थर देऊन पांढरा प्रकाश मिळविला जातो. निळ्या डायोडच्या शोधासाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. २००७ च्या लेक्सस एलएस ६००एच मध्ये डिप्परसाठी एलईडी वापरला गेला. पाठोपाठ २००८ मध्ये ऑडी आर८ साठी सर्व कार्ये एलईडीवर चालणारे हेडलाइट उपलब्ध झाले.

२०१३ मध्ये ऑडी ए८ मध्ये मॅट्रिक्स एलईडी दिवे आले. यात प्रत्येक हेडलाइटमधील अप्परसाठी २५ एलईडी असून ते स्वतंत्रपणे मंद किंवा बंद करता येतात. काचेमागील कॅमेरा समोरच्या वाहनांचे दिवे टिपतो आणि संगणक केवळ तेवढ्याच भागातील प्रकाश कमी करतो. उर्वरित रस्त्यावर अप्पर कायम राहतो. २०१४ मध्ये बीएमडब्ल्यू आय८ आणि ऑडी आर८ एलएमएक्स या मोटारींत लेसर दिवे बसविण्यात आले. लेसरचे किरण थेट रस्त्यावर पडत नाहीत. ते स्फुरदीप्त पदार्थावर पडून पांढरा प्रकाश निर्माण होतो. या झोताचा पल्ला सुमारे ६०० मीटर असल्याचे बीएमडब्ल्यूने जाहीर केले होते. पुढे मर्सिडीज-बेंझच्या डिजिटल लाइट यंत्रणेत प्रत्येक दिव्यात दहा लाखांहून अधिक सूक्ष्म आरसे वापरून रस्त्यावर चिन्हेही उमटविता येऊ लागली.

ब्रँडची ओळख

दिवसा दोन मोटारींतील फरक जाळी, बोधचिन्ह व बांधणीवरून कळतो. रात्री मात्र दिवेच दिसतात. हे ओळखून कंपन्यांनी दिव्यांना चेहऱ्यातील डोळ्यांचे स्थान दिले. मर्सिडीजने १९९५ च्या ई-क्लासमध्ये चार लंबगोल दिवे आणले. बीएमडब्ल्यूच्या ५ सिरीजमध्ये २००० पासून दिव्यांभोवती प्रकाशाची कडी दिसू लागली. २००४ च्या ऑडी ए८ डब्ल्यू१२ पासून दिवसाही तेवत राहणारी एलईडीची रांग ऑडीची खूण बनली. व्होल्वोने २०१४ मध्ये एक्ससी९० साठी नॉर्स पुराणकथेतील थॉर देवतेच्या हातोड्याचा आकार निवडला.

एलईडी आकाराने लहान असल्याने रचनाकारांना मोठ्या गोल परावर्तकाच्या बंधनातून मुक्तता मिळाली. त्यामुळे अभियांत्रिकीतील प्रगती आणि जाहिरातीतील प्रतिमा या एकाच वस्तूत एकवटल्या. तथापि दिवसा तेवणारी रांग ही मुख्यतः इतरांना वाहन दिसावे यासाठी असते. तिच्या आकर्षकपणावरून रात्रीच्या झोताची गुणवत्ता ठरत नाही.

मराठवाड्यातील संदर्भ

स्कोडा कंपनीने २००१ मध्ये औरंगाबादजवळील शेंद्रा औद्योगिक वसाहतीतून भारतातील उत्पादन सुरू केले. याच कारखान्यात २००७ च्या अखेरीस ऑडी ए६ व २००८ मध्ये ऑडी ए४ या मोटारींची आयात सुट्या भागांपासून जोडणी सुरू झाली. २०१३ मध्ये ऑडीने भारतात एका वर्षात १०,००० हून अधिक मोटारी विकल्या. हा टप्पा गाठणारा तो देशातील पहिला आलिशान ब्रँड ठरला.

वाळूज येथे मुख्यालय असलेली व्हेरॉक ही कंपनी दुचाकींच्या सुट्या भागांपासून वाढली. बजाज ऑटो ही तिची प्रमुख ग्राहक होती. २०१२ मध्ये तिने अमेरिकेच्या व्हिस्टिऑन कंपनीचा वाहन-दिव्यांचा व्यवसाय विकत घेतला. त्यासोबत मेक्सिको आणि चेक प्रजासत्ताकातील कारखाने तिच्याकडे आले; जॅग्वार लँड रोव्हर व टेस्ला हे तिचे ग्राहक होते. २०२२ मध्ये युरोप व अमेरिकेतील चारचाकी दिव्यांचा हा व्यवसाय फ्रान्सच्या प्लास्टिक ऑम्नियम कंपनीस विकण्यात आला.

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादमधील उद्योजक व व्यावसायिकांच्या गटाने एकाच वेळी १५० मर्सिडीज-बेंझ मोटारी खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या या व्यवहाराची देशभर चर्चा झाली आणि शहराच्या समृद्धीची खूण म्हणून त्याकडे पाहिले गेले. पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१० मध्ये 'द हिंदू' या दैनिकातील लेखात त्याची दुसरी बाजू मांडली. या मोटारींसाठी सुमारे ७ टक्के दराने कर्ज मिळाले, तर याच जिल्ह्यातील कन्नड तालुक्यातील एका शेतकरी महिलेच्या ट्रॅक्टर कर्जावर १५.९ टक्के व्याज आकारले गेले, असे त्यांनी नमूद केले. त्यामुळे आलिशान मोटारीची प्रतिमा हा या भागात केवळ हौसेचा नव्हे, तर पतपुरवठ्यातील विषमतेचाही विषय ठरला. पिशोर हे शेतीप्रधान मोठे गाव याच कन्नड तालुक्यात आहे.

रात्रीचा रस्ता आणि डोळे दिपण्याचा प्रश्न

प्रखर दिव्याचा लाभ चालकाला होतो, त्रास मात्र समोरून येणाऱ्यास. डोळ्यांवर तीव्र प्रकाश पडल्यास नेत्रपटलावर प्रकाशाचा पडदा पसरतो व अंधारातील वस्तू काही क्षण दिसत नाहीत. वयानुसार डोळ्याचे भिंग धूसर होत जाते, त्यामुळे ज्येष्ठांना हा त्रास अधिक होतो. उंच बांधणीच्या मोटारींचे दिवे दुचाकीस्वाराच्या डोळ्यांच्या पातळीजवळ येतात, हेही एक कारण आहे.

भारतात वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणून डिप्परचा झोत उजवीकडे खाली कापलेला व डावीकडे किंचित वर उचललेला असतो. हॅलोजनसाठी घडविलेल्या परावर्तकात बाजारातील झेनॉन किंवा एलईडी दिवा बसविल्यास प्रकाशाच्या उगमाची जागा बदलते आणि ही कापलेली कड विस्कटते. महागड्या मोटारीसारखा पांढरा उजेड मिळविण्यासाठी असे बदल सर्रास केले जातात. मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे.

मॅट्रिक्स दिव्यांनी हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो, परंतु पूर्णतः नाही. कॅमेरा प्रामुख्याने समोरच्या वाहनाच्या दिव्यांवरून त्याचे अस्तित्व ओळखतो. ग्रामीण रस्त्यांवरील बैलगाडी किंवा दिवे नसलेली ट्रॉली यांना असा संकेत नसतो. अशा वेळी अप्पर सुरूच राहून मोटारचालकाला ती वस्तू स्पष्ट दिसते, परंतु गाडीवानाचे किंवा पादचाऱ्याचे डोळे दिपू शकतात. कन्नड व चाळीसगाव यांना जोडणाऱ्या औट्रम घाटासारख्या वळणांच्या मार्गावर सरळ झोत वळणाबाहेर पडतो. तेथे सुकाणूबरोबर वळणारे दिवे उपयुक्त ठरतात.

नियमन आणि प्रसार

भारतात वाहनांच्या दिव्यांची मांडणी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आणि वाहन उद्योग मानकांनुसार ठरते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था त्यांच्या चाचण्या घेते. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींत इंजिन सुरू असताना हेडलाइट आपोआप तेवत राहणे सक्तीचे झाले. अमेरिकेत मॅट्रिक्स पद्धतीच्या दिव्यांना २०२२ मध्ये मान्यता मिळाली. युरोपात ते त्याआधीच वापरात होते.

एलईडी हेडलाइट आता मध्यम किमतीच्या मोटारी व दुचाकींतही आढळतात. त्यामुळे केवळ पांढरा उजेड हे श्रीमंतीचे लक्षण उरलेले नाही. आलिशान ब्रँडचे वेगळेपण झोतावरील सूक्ष्म नियंत्रण आणि प्रकाशाच्या विशिष्ट आकृत्यांकडे सरकले आहे.