कोटणीसांच्या वाटेवरचे बेट

डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले, हे सोलापुरात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण ते कोणत्या वाटेने गेले, असे विचारले तर बहुतेक जण थांबतात. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाले आणि १७ सप्टेंबरला कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझौला पोहोचले. मधला उंबरठा होता हाँगकाँग.

नकाशात शोधायला गेलो तर हे बेट ठिपक्याएवढे दिसते. क्षेत्रफळ जेमतेम ८० चौरस किलोमीटर, तेही बहुतेक डोंगराळ. सर्वांत उंच शिखर ५५२ मीटर. सपाट जमीन नाही, म्हणण्यासारखी नदी नाही. पावसाचे पाणी तलावांत साठवायचे आणि पुरवून वापरायचे. १९६३च्या दुष्काळात तिथे चार दिवसांतून एकदा, चार तास पाणी सोडत असत. सोलापूरकरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको!

मग इंग्रजांना हा खडक हवा कशाला होता? बेट आणि समोरचे कौलून यांच्यामध्ये समुद्राची एक खोल, आडोशाची पट्टी आहे. मोठी जहाजे तिथे निर्धास्त नांगर टाकू शकत. शिवाय कँटनला जाणाऱ्या नदीचे मुख जवळ. जानेवारी १८४१ मध्ये इंग्रजांनी तिथे निशाण रोवले, तेव्हा बेटावर साडेसात हजारांच्या आसपास माणसे होती. १८४२च्या नानकिंगच्या तहाने बेट रीतसर त्यांचे झाले. ते चीनला परत मिळाले १ जुलै १९९७ रोजी.

ते युद्ध अफूचे होते, आणि इथे आपल्यालाही जरा मान खाली घालावी लागते. बंगालची अफू कलकत्त्याहून जाई, तशी माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. त्या पैशावर मुंबईतल्या कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या. त्याच मुंबईतून शंभर वर्षांनी त्याच बेटाकडे डॉक्टर आणि औषधे निघाली.

१९३८ मध्ये हीच वाट का? जपानने शांघाय नोव्हेंबर १९३७ मध्ये आणि नानकिंग डिसेंबरमध्ये घेतले होते. हाँगकाँगवर इंग्रजांचा झेंडा होता, म्हणून जपानी हात तिथे पोहोचत नव्हता. कौलूनहून कँटनपर्यंत रेल्वे होती आणि कँटन-हँको हा लोहमार्गही १९३६ मध्ये पुरा झाला होता. चीनला येणारी मदत मुख्यतः याच दारातून आत जात होती. सन यत्सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग यांनी चीनच्या मदतीची आपली संस्था जून १९३८ मध्ये स्थापली, तीही हाँगकाँगमध्येच.

हे दार किती थोडा काळ उघडे होते पाहा. १२ ऑक्टोबरला जपानी फौजा हाँगकाँगच्या उत्तरेला किनाऱ्यावर उतरल्या आणि २१ ऑक्टोबर १९३८ला कँटन पडले. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि डॉ. कोटणीस तिथून पुढे गेले होते ते अवघे महिनाभर आधी. बोट पाच-सहा आठवडे उशिरा सुटली असती, तर हाँगकाँगच्या धक्क्यावरून पुढे कसे जायचे, हाच प्रश्न पडला असता. व्ही. शांताराम यांच्या १९४६च्या चित्रपटाने कोटणीस घरोघर पोहोचले. पण ही तारखांची चुटपुट मनात राहते ती नकाशा समोर ठेवल्यावरच.

पुढे बेटाचीही पाळी आली. ८ डिसेंबर १९४१ला जपानने हल्ला केला. इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्यांत पंजाब आणि राजपूत पलटणींचे आपले जवान होते. नाताळच्या दिवशी हाँगकाँगने शरणागती पत्करली. पुढची तीन वर्षे आठ महिने तिथे जपानी अंमल राहिला.

त्या वेळी कोटणीस दूर उत्तर चीनच्या डोंगरात, बेथ्यून रुग्णालयात शस्त्रक्रिया करीत होते. डॉ. बसू वगळता बरोबरचे डॉक्टर एकेक करून मायदेशी परतले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, कोटणीस तिथेच वारले. पत्नी क्वो चिंगलान आणि काही महिन्यांचे मूल मागे राहिले. ज्या बेटावरून ते चीनमध्ये शिरले होते, तिथे तेव्हा जपानी लष्कराचा पहारा होता.