नैनी तलाव : पाण्याची गुणवत्ता आणि व्यवस्थापन

उत्तराखंडमधील नैनिताल येथील नैनी तलाव नौकाविहारासाठी प्रसिद्ध असून शहराच्या पिण्याच्या पाण्याचाही तो प्रमुख स्रोत आहे. त्यामुळे त्याच्या पाण्याची गुणवत्ता हा पर्यटनाइतकाच सार्वजनिक आरोग्याचाही विषय ठरतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार स्नानयोग्य पाण्यात प्रतिलिटर किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा. जैवरासायनिक प्राणवायू मागणी ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि सामू ६.५ ते ८.५ या दरम्यान असावा.

खोल तलावात मात्र केवळ पृष्ठभागाचे नमुने पुरेसे ठरत नाहीत. उन्हाळ्यात वरचे उबदार आणि तळाचे थंड पाणी एकमेकांत मिसळत नाही. तळाचा प्राणवायू संपतो, गाळातील फॉस्फरस पाण्यात उतरतो आणि शेवाळाला खाद्य मिळते. हिवाळ्यात हे थर मिसळले की प्राणवायूची पातळी घसरून मासे मरण्याचे प्रकार नैनी तलावात घडत असत. त्यावर उपाय म्हणून २००७ पासून तलावाच्या तळाशी नळ्यांद्वारे हवा सोडली जाते.

वायुवीजनामुळे तळाला प्राणवायू मिळतो. परंतु नाल्यांतून येणारे सांडपाणी आणि गाळ त्याने थांबत नाही. सांडपाणी तलावात जाऊ न देण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिले होते. प्रदूषण उगमापाशी रोखले नाही, तर यंत्रे अखंड चालवूनही तलाव स्वच्छ राहू शकत नाही.