अर्जातील ‘मी’ : कॉर्नेलिया सोराबजी यांच्या निमित्ताने

आत्मचरित्र, रोजनिशी आणि पत्रव्यवहार या आत्मपर लेखनप्रकारांची चर्चा मराठी समीक्षेने पुष्कळ केली आहे. अर्ज हा प्रकार मात्र या चर्चेच्या परिघाबाहेरच राहिला. परदेशी विद्यापीठात कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याला आज जे निवेदन लिहावे लागते, ते एका अर्थी लघुआत्मचरित्रच असते. आपण कोण, इथवर कसे आलो आणि हेच का शिकायचे आहे, हे त्याने सांगायचे असते. परंतु आत्मचरित्राचा वाचक अनिश्चित असतो, तर अर्जाचा वाचक निश्चित असतो आणि दाराची किल्ली त्याच्याच हाती असते. या एका भेदामुळे ‘मी’चे सारे कथन बदलते. हा बदल कसा घडतो, हे नाशिकमध्ये जन्मलेल्या एका स्त्रीच्या चरित्रातून विशेष स्पष्टपणे दिसते.

दरबारी मराठी गद्याला हा प्रकार अपरिचित नव्हता. अर्जदास्त, कैफियत आणि करीना ही त्याचीच पूर्वरूपे होत. वतनाच्या तंट्यात सादर होणाऱ्या करीन्यात पूर्वजांची सेवा, भोगवटा आणि झालेला अन्याय यांचे क्रमवार कथन असे. तेथील ‘मी’ हा घराण्याच्या साखळीतील एक दुवा होता. त्याची पात्रता वंशावरून ठरे, त्याच्या स्वतःच्या इच्छेचे समर्थन कोणी मागत नसे. एकोणिसाव्या शतकात शिक्षणासाठी विनंती करणाऱ्या व्यक्तीपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला : तुला हे का हवे आहे? स्त्रीला हा प्रश्न अधिकच कठोरपणे विचारला गेला.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिक येथे झाला. पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले त्यांचे वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे चर्च मिशनरी सोसायटीच्या कार्यात होते. आई फ्रान्सिना यांनी पुढे पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. डेक्कन कॉलेजात शिकून कॉर्नेलिया पदवी परीक्षेत अग्रभागी आल्या. परंतु या यशावर मिळू शकणारी इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती त्या स्त्री असल्यामुळे त्यांना नाकारली गेली. त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन स्वीकारले. १८८८ साली लेडी हॉबहाउस यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून त्यांच्यासाठी निधीचे आवाहन केले. देणगीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या.

म्हणजे ज्या निवेदनाने त्यांचा मार्ग मोकळा केला, त्यावर सही दुसऱ्याच व्यक्तीची होती. अर्जदार येथे बोलत नाही, तिच्याविषयी बोलले जाते. ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हती. ‘मला हवे आहे’ असे तरुण हिंदी स्त्रीने म्हणणे त्या काळच्या वाचकाला पचणारे नव्हते. ‘तिची गरज आहे’ असे प्रतिष्ठित स्त्रीने म्हणणे त्याला मान्य होते. इच्छेचे गरजेत रूपांतर झाल्यावाचून दार उघडत नव्हते. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे केलेल्या विनंतीचा गाभाही हाच आहे. पुरुष डॉक्टरकडून उपचार करून न घेणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी आपल्याला वैद्यक शिकायचे आहे, असे त्या सांगतात. त्यांची ज्ञानलालसा त्यात असली तरी ती सेवेच्या वेषात येते.

ऑक्सफर्डमध्येही विनंत्यांची मालिका संपली नाही. कॉर्नेलिया यांना आरंभी साहित्याचा अभ्यास करावा लागला. कायद्याकडे वळण्यासाठी बॅलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांचा पाठिंबा मोलाचा ठरला. बी. सी. एल. ही कायद्यातील उच्च पदवी. तिच्या परीक्षेला स्त्रीला बसू द्यावे यासाठी विद्यापीठाला १८९२ साली खास ठराव करावा लागला. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. पदवी मात्र मिळाली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० साली सुरुवात केली आणि कॉर्नेलिया यांनी आपली पदवी १९२२ साली घेतली. परीक्षा आणि पदवी यांत तीस वर्षांचे अंतर पडले.

दरम्यान सेवेची भाषा त्यांच्या जीवनाचा आराखडा बनली. १९०२ साली त्यांनी इंडिया ऑफिसपुढे मागणी मांडली की, पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी कायदा जाणणारी स्त्री सरकारने नेमावी. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये त्यांची अशी नेमणूक झाली आणि १९२२ पर्यंत त्या त्या कामावर होत्या. शेकडो स्त्रिया व अनाथ मुले यांना त्यांचा आधार झाला. परंतु या भूमिकेचे समर्थन पडद्याआडच्या स्त्रीच्या असहायतेवर उभे होते, आणि तिचे रक्षण करणारी सत्ता ब्रिटिशांची होती. स्त्री स्वतः बोलू लागली, सत्ता बदलली, तर या भूमिकेचा पायाच ढळणार होता. त्यांनी राष्ट्रीय चळवळीला केलेला विरोध आणि १९२७ च्या ‘मदर इंडिया’नंतर कॅथरिन मेयोची घेतलेली बाजू यांची मीमांसा केवळ साम्राज्यनिष्ठेने पुरी होत नाही. ज्या कारणाने दार उघडले, ते कारण टिकवून धरण्याची निकडही त्यामागे होती, असे मानण्यास जागा आहे.

१९३४ सालच्या ‘इंडिया कॉलिंग’ या आत्मचरित्राचे वाचनही या दृष्टीने करावे लागते. कायद्याच्या ओढीचा उगम तेथे बालपणीच्या एका प्रसंगात दाखवला आहे. कारभाऱ्याने फसवलेली एक विधवा आईकडे येते आणि तिची कहाणी मुलीला दिशा देते. हा प्रसंग घडला नसेल असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र अनेक आठवणींतून हीच आठवण आरंभबिंदू म्हणून निवडली जाते, ती अर्जाच्या तर्काने. बार आणि पदवी दोन्ही मिळाल्यानंतर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीही, ‘कायदा मला आवडत होता’ एवढेच कारण पुरेसे वाटू नये, हे लक्षणीय आहे.

तेव्हा आत्मपर लेखनातील ‘प्रामाणिकपणा’ हा निकष अर्जाला लावणे अपुरे ठरते. अर्जदार खरे बोलतो की खोटे, यापेक्षा कोणती सत्ये ग्राह्य मानली जात होती, हा प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे. कायद्याच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी आज नाशिकमध्ये निवेदन लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला शिष्यवृत्ती स्त्रीत्वामुळे नाकारली जात नाही. तरीही आपल्या गावातील एखादी वंचित व्यक्ती पहिल्या परिच्छेदात आणून ठेवावी असे तिला वाटत असेल, तर त्या परिच्छेदामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो ओळखता आला, तर निदान कोणते कारण आपले आणि कोणते वाचकाचे, याचा निवाडा तिला स्वतः करता येईल.