आमची नऊ वर्षं आणि त्या काळचे दवाखाने



दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांवर लिहिलं होतं, तेव्हा एकाने म्हटलं, "काका, वाडे झाले, आता माणसांचं लिहा." म्हणून आज घरचंच लिहितो. सौ.ने आणि लेकीने आधी वाचलं आहे.

आमचं लग्न 1977 चं. ही बेळगावची, मी बडोद्याचा (वडोदरा म्हणायची सवय अजून लागली नाही). तिसरं वर्ष लागलं तसं "काय, काही विशेष?" सुरू झालं. शेजारच्या गुजराती बा तर जिन्यातच अडवून विचारायच्या. डोहाळजेवणाची बोलावणी हळूहळू हिला चुकून राहू लागली.

1980 पासून दवाखाने. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी हिने तोंडात थर्मामीटर धरायचा आणि मी आकडा लिहायचा. बीज सुटलं की तापमान साधारण अर्धा अंश फॅरनहाइट चढतं, त्यावरून दिवस ओळखायचे. बँकेतला माणूस, त्यामुळे माझे तक्ते अगदी नेटके! मग पाच-पाच दिवसांच्या गोळ्या. मग गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहायला आत डाय सोडून एक्स-रे. तो नेमका 30 जूनला निघाला, सहामाही क्लोजिंग. मी शाखेत बसलो, आई हिच्याबरोबर गेली. रिक्षातून उतरताना ही फाटकातच खाली बसली, हे मला रात्री दहाला कळलं.

हिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. आता खरं सांगायचं ते सांगतो. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत माझ्याही तपासणीची चिठ्ठी दिली होती. ती मी पाकिटात ठेवली आणि चार वर्षं काढली नाही. कामाचं निमित्त, बदलीचं निमित्त. खरं कारण लाज आणि भीती. 1984 साली तपासणी केली. शुक्राणू फारच कमी. म्हणजे चार वर्षं जिच्या अंगावर सुया-गोळ्या चालल्या, तिच्यात दोष नव्हताच. घरी मात्र मी तेव्हाही गप्प राहिलो. आई हिला उपास सांगत राहिली, आणि ही ते करत राहिली.

त्याच सुमाराचा मोठा इतिहास पुष्कळांना ठाऊक नसेल. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडमध्ये 25 जुलै 1978 ला जन्मली. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, 3 ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नाने दुसरी. त्यांनी गर्भ गोठवून ठेवून नंतर सोडला होता, जे इंग्लंडमध्येही केलं नव्हतं. पण सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही, त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली, आणि 19 जून 1981 ला त्यांनी आत्महत्या केली. 6 ऑगस्ट 1986 ला मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून बाळ जन्मलं, तेच भारतातलं पहिलं म्हणून पेपरात आलं. त्या कामातले शास्त्रज्ञ डॉ. आनंद कुमार यांनीच पुढे 1997 मध्ये मुखर्जींचे कागद तपासून जाहीर सांगितलं की पहिला मान त्यांचा. असा मोठेपणा विरळाच.

ती 1986 ची बातमी कापून मी पाकिटात ठेवली, चिठ्ठी होती त्याच कप्प्यात. नोव्हेंबरात रजा टाकून रात्रीच्या गाडीने आम्ही मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहून स्पष्ट सांगितलं की इतक्या कमी संख्येला टेस्ट ट्यूबचाही भरवसा नाही. दात्याचं वीर्य वापरता येईल, मात्र तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे कुणाला कळू द्यायचं नाही. परतीच्या प्रवासात सुरतेपर्यंत आम्ही बोललो नाही. मग ही म्हणाली, "आणखी एक गोष्ट लपवायची? माझ्याच्याने व्हायचं नाही."

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, दोष कुणाचा तेही. ती काही बोलली नाही, उठून आत गेली. पुढच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तिने सगळ्यांदेखत पहिली ओटी हिची भरली.

दत्तकाचा विषयही आईनेच काढला. बडोद्यात ती गोष्ट काय नवीन? 27 मे 1875 ला जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं, तेच सयाजीराव महाराज. "गादीला चाललं ते आपल्याला नाही चालायचं?" हे तिचं वाक्य. फरक एवढाच की तेव्हा दत्तक म्हणजे मुलगा आणि भाऊबंदातला. 1956 च्या कायद्याने मुलगी घेता येऊ लागली, आणि 1962 च्या दुरुस्तीने आईबाप माहीत नसलेलं मूलही कोर्टाच्या परवानगीने. 1988 मध्ये आम्ही अनाथाश्रमातून पाच महिन्यांची मुलगी घरी आणली. बारसं जोरात झालं, बा पेढे घेऊन आल्या.

माझ्यासारख्यांवरचा इलाज, एकच शुक्राणू सुईने बीजात सोडायचा, 1992 मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी यशस्वी करून दाखवला. ते आमच्या वाचनात आलं तेव्हा लेक पहिलीत होती. मी पेपर हिच्यापुढे धरला. ही म्हणाली, "नंतर वाचते, आधी तिची वेणी घालू दे, रिक्षावाला येईल."